डेप्थ कॅमेऱ्यातून गुडघ्याचा कोन मोजताना सांधे का डळमळतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुनर्वसनाच्या व्यायामात गुडघा किती वाकतो, हे एकाच डेप्थ कॅमेऱ्याने मोजायचे आहे. व्यक्ती कॅमेऱ्यासमोर उभी असताना न्यूरल नेटवर्कने काढलेला सांगाडा पटण्यासारखा दिसतो. मात्र ती खुर्चीवर बसली की खुबा आणि गुडघा थरथरू लागतात, तिने पाठ फिरवली की डावा पाय उजवा होतो, आणि मांडीची लांबी दर फ्रेमला बदलते. नेटवर्क अधिक मोठे घ्यावे का आणि ट्रेनिंगचा डेटा वाढवावा का, असे आपण विचारले आहे.

माझे मत असे की या तीनही तक्रारींचे मूळ नेटवर्कच्या आकारात नाही, त्यामुळे नुसते नेटवर्क मोठे करून त्या जाणार नाहीत. डेप्थ कॅमेरा सांधा मोजत नाही. तो कपड्याच्या किंवा त्वचेच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजतो, आणि तेही शरीराच्या फक्त त्याच्याकडे असलेल्या बाजूचे. सांध्याचे स्थान हे त्या पृष्ठभागावरून केलेले अनुमान असते. मनगटासारख्या बारीक सांध्यात पृष्ठभाग आणि सांध्याचे केंद्र यांत अंतर थोडे असल्यामुळे हे अनुमान सोपे जाते, पण खुब्याचा सांधा स्नायू, चरबी आणि कपडे यांच्या मागे खोलवर असतो आणि समोरून त्याची कोणतीही ठळक खूण दिसत नाही. २०११ मध्ये शॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किनेक्ट या मायक्रोसॉफ्टच्या खेळाच्या डेप्थ कॅमेऱ्यासाठीची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात प्रत्येक पिक्सेल शरीराच्या ३१ भागांपैकी कोणत्या भागाचा आहे हे रँडम फॉरेस्टने, म्हणजे अनेक निर्णयवृक्षांच्या एकत्रित मतावरून, ठरवले जाई, त्या पिक्सेलांच्या दाटीचा मध्य काढला जाई, आणि तो मध्य पृष्ठभागावर असल्यामुळे सांधा मिळवण्यासाठी तो कॅमेऱ्यापासून दूर, शरीराच्या आत ढकलला जाई. ते ढकलणे सरासरी ३९ मिलिमीटर होते. खेळासाठी एवढी सोय पुरेशी होती. आजची नेटवर्क हेच ढकलणे अधिक हुशारीने करतात, पण ढकलावे त्यांनाही लागतेच. एखाद्या व्यक्तीची जाडी, तिचा ढगळ पायजमा किंवा तिची बसण्याची ढब ट्रेनिंगच्या डेटापेक्षा वेगळी असेल, तर ती चूक थेट खुब्याच्या स्थानात उतरते.

ही चूक कोनात किती होते, याचा हिशोब आधी करून पाहावा. मांडी ४० सेंटिमीटर धरू. खुब्याचे स्थान मांडीच्या दिशेला लंब असे ४ सेंटिमीटर चुकले, तर मांडीची दिशा जवळजवळ ६ अंशांनी चुकते. गुडघ्याचे स्थान चुकणे त्याहून महाग पडते, कारण गुडघा मांडी आणि नडगी या दोन्ही रेषांचे टोक आहे. पाय सरळ असताना गुडघा फक्त २ सेंटिमीटर पुढे सरकला, तरी दोन्ही रेषा विरुद्ध दिशांना सुमारे ३ अंश वळतात आणि कोनात पुन्हा ६ अंशांची चूक पडते. रुग्णाच्या दोन आठवड्यांतील प्रगतीचा फरकही अनेकदा एवढाच असतो. आपल्याला किती अंशांपर्यंतची चूक चालेल, हे व्यायाम घेणाऱ्या तज्ज्ञांकडून लिहून घ्यावे आणि त्यावरून सांध्याच्या स्थानाची मर्यादा उलटी काढावी. बाकीचे सर्व निर्णय त्या एका आकड्यावर ठरतात.

कॅमेऱ्याचा प्रकार येथे महत्त्वाचा आहे. स्ट्रक्चर्ड लाइटचा कॅमेरा, म्हणजे २०१० चा पहिला किनेक्ट आणि त्याच्या जातीचे इतर, इन्फ्रारेड ठिपक्यांची नक्षी टाकून ती किती सरकली यावरून अंतर काढतो, त्यामुळे त्याची चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ७.५ सेंटिमीटरची बेसलाइन (ठिपके टाकणारा दिवा आणि कॅमेरा यांतील अंतर), सुमारे ५८० पिक्सेलचे फोकल अंतर आणि एक अष्टमांश पिक्सेलची मोजण्याची पायरी धरली, तर २ मीटरवर अंतराची एक पायरी सुमारे १ सेंटिमीटरची येते आणि ४ मीटरवर तीच साडेचार सेंटिमीटरच्या पुढे जाते. अशा कॅमेऱ्याने ४ मीटरवरून गुडघ्याचा कोन मोजू नये. टाइम ऑफ फ्लाइट कॅमेऱ्यात, म्हणजे प्रकाशाला जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढणाऱ्या कॅमेऱ्यात, उदाहरणार्थ किनेक्टच्या दुसऱ्या आवृत्तीत आणि अझ्युर किनेक्टमध्ये, चूक अंतराबरोबर इतक्या वेगाने वाढत नाही, पण त्याचे स्वतःचे तीन दोष आहेत. शरीराच्या कडेवरील पिक्सेलमध्ये पाय आणि मागची भिंत या दोघांचा प्रकाश मिसळतो आणि दोन्हींच्या मधोमध, हवेत तरंगणारे बिंदू तयार होतात. पाऊल जमिनीला टेकते तेथे प्रकाश जमिनीवरून उसळून पुन्हा पावलावर येतो आणि कोपरा गोलसर झाल्यासारखा दिसतो, म्हणून घोट्याचे स्थान वर सरकते. शिवाय काळे, प्रकाश शोषणारे कापड किंवा दाट केस यांच्यावरून परत येणारा प्रकाश इतका क्षीण असतो की तेथे मोजमापच होत नाही. खिडकीतून येणारे ऊन दोन्ही प्रकारांना घातक आहे. सकाळी बरोबर चालणारी व्यवस्था दुपारी बिघडत असेल, तर आधी पडदा ओढून पाहावा.

आता एका अशा गोष्टीकडे वळतो, जिने आमच्या गटाचे कित्येक आठवडे खाल्ले. बहुतेक डेप्थ कॅमेऱ्यांत शून्य या मूल्याचा अर्थ "मोजमाप नाही" असा असतो. प्रतिमा लहान करताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेणारी नेहमीची पद्धत वापरली, तर अडीच मीटरवरचा पाय आणि शून्य यांची सरासरी सव्वा मीटर येते, आणि पायाच्या कडेभोवती अस्तित्वात नसलेल्या बिंदूंचा पडदा तयार होतो. नेटवर्क त्याच्यावरच शिकत राहते, ट्रेनिंगमधील चूक कमी होताना दिसते, आणि प्रत्यक्षात काळी पँट घातलेल्या व्यक्तीचा गुडघा कॅमेऱ्याकडे झेपावतो. म्हणून प्रतिमा लहान करताना जवळचा एकच पिक्सेल उचलावा, मोजमाप नसलेल्या पिक्सेलांचा वेगळा मुखवटा (कोणते पिक्सेल वगळायचे याची नोंद) ठेवावा, आणि छिद्रे "सुंदर" करण्यासाठी भरू नयेत, कारण भरलेले छिद्र हे मोजमाप असल्याचा खोटा दावा असते. याच्या जोडीने आणखी एक तपासणी करावी. कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर देते ते अंतर किरणाच्या दिशेने मोजलेले आहे की कॅमेऱ्याच्या अक्षावर, हे खात्री करून घ्यावे. अक्षापासून ३५ अंशांवर या दोहोंत सुमारे १८ टक्क्यांचा फरक पडतो. सपाट भिंतीसमोर कॅमेरा ठेवून बिंदूंचा ढग काढला आणि भिंत वाडग्यासारखी वाकलेली दिसली, तर चूक येथे आहे. पाच मिनिटांची ही चाचणी न करता महिनोन्‌महिने ट्रेनिंग करणारे लोक मी पाहिले आहेत.

बसल्यावर सांधे थरथरण्याचे कारण बव्हंशी भूमितीत आहे. व्यक्ती कॅमेऱ्याकडे तोंड करून बसली की मांडी थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येते. प्रतिमेत तिची लांबी जवळजवळ उरत नाही, गुडघा खुब्याला झाकतो, आणि मांडीची खालची बाजू खुर्चीच्या बैठकीशी एकजीव होते. त्या क्षणी खुब्याविषयी कॅमेऱ्याकडे प्रत्यक्ष माहिती काहीच नसते आणि नेटवर्क आठवणीतून उत्तर देते. दर फ्रेमला ही आठवण थोडी वेगळी येते, तीच थरथर आपल्याला दिसते. याचा पहिला उपाय म्हणजे कॅमेरा बाजूला नेणे. गुडघा वाकण्याच्या प्रतलाकडे तिरके पाहता येईल अशा बेताने, तपासायचा पाय कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवून, समोरच्या दिशेपासून ४५ ते ६० अंशांवर, २ ते अडीच मीटर अंतरावर आणि साधारण कमरेच्या उंचीवर कॅमेरा ठेवावा. पूर्ण ९० अंशांवर तो नेला तर दुसरा पाय पूर्णपणे झाकला जातो, म्हणून मी तेथपर्यंत जात नाही. खुर्ची बिनहातांची असावी आणि तिची बैठक मांडीपेक्षा अरुंद असावी. व्यक्ती येण्याआधी रिकाम्या खुर्चीचा एक डेप्थ फ्रेम घेऊन ठेवला, तर बैठकीचे बिंदू पुढे वजा करता येतात. या सर्व बदलांना एक दुपार पुरते, आणि नेटवर्क दुप्पट करून मिळेल त्याहून अधिक सुधारणा त्यातून मिळते, असा माझा वारंवारचा अनुभव आहे.

मांडीची लांबी बदलण्याचे कारण मात्र पद्धतीत आहे. नेटवर्क प्रत्येक सांध्याचे स्थान स्वतंत्रपणे सांगते. मग ते ए२जे या नेटवर्कप्रमाणे डेप्थ प्रतिमेवरून थेट सांगो, की २०१८ च्या व्ही२व्ही-पोझनेटप्रमाणे बिंदूंचे व्हॉक्सेल (जागेचे छोटे घन) करून त्रिमितीय हीटमॅप (सांधा कुठे असण्याची किती शक्यता आहे याचा नकाशा) काढो, एका माणसाची हाडे ताणली जात नाहीत हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून नेटवर्कचे उत्तर अंतिम मानू नये. ते सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्यावे आणि त्यावर ठरावीक लांबीच्या हाडांचे मॉडेल बसवावे.

हे मॉडेल फार थोर असण्याची गरज नाही. २०१५ चे एसएमपीएल हे मानवी शरीराच्या पृष्ठभागाचे मॉडेल ६८९० शिरोबिंदूंचे आहे आणि व्यक्तीचा आकार साधारण १० आकड्यांत पकडते. संपूर्ण शरीराचा आकार हवा असेल तेव्हा ते उत्तम आहे. एका गुडघ्याच्या कोनासाठी मात्र कंबर, मांडी, नडगी आणि पाऊल यांसाठी निमुळत्या नळ्यांसारखे चार-पाच आकार पुरतात, आणि ते कुठे चुकतात हे डोळ्यांना लगेच दिसते. आधी व्यक्तीला काही सेकंद उभे करून हाडांच्या लांबीचा आणि नळ्यांच्या जाडीचा मध्यक काढावा. शक्य असेल तर तिला आधार धरून पाय खुब्यातून हळूहळू गोलाकार फिरवायला सांगावे. कंबरेच्या संदर्भात पाहिले तर गुडघा एका गोलाच्या पृष्ठभागावर फिरतो, आणि त्या गोलाचे केंद्र हाच खुबा. त्वचेमागे दडलेला सांधा प्रत्यक्ष हालचालीतून शोधण्याचा हा मार्ग चालीच्या अभ्यासकांनी फार पूर्वीपासून वापरला आहे आणि डेप्थ कॅमेऱ्यालाही तो लागू पडतो. रुग्णाला अशी हालचाल झेपत नसेल तर ती मागू नये. तेव्हा उभ्या स्थितीतील मध्यकावर भागवावे.

एकदा लांबी ठरली की पुढे दर फ्रेमला फक्त कोन आणि कंबरेचे स्थान शोधायचे उरते. यासाठी किमान करायच्या खर्चात, म्हणजे मॉडेल किती चुकीचे बसले आहे हे सांगणाऱ्या आकड्यात, मी चार गोष्टी घालतो. मॉडेलचा पृष्ठभाग मोजलेल्या बिंदूंना चिकटावा, सांधे नेटवर्कने सांगितलेल्या जागांपासून फार दूर जाऊ नयेत, गुडघा उलटा वाकू नये, आणि मॉडेलचा कोणताही भाग रिकाम्या जागेत येऊ नये. या शेवटच्या अटीकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक लिहितो. ज्या किरणावर कॅमेऱ्याला मागची भिंत दिसली, त्या किरणावर भिंतीच्या पुढे पाय असूच शकत नाही. याउलट दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या मागे मॉडेलचा भाग गेला तर त्यात गैर काही नाही, तो फक्त झाकलेला आहे. रंगीत कॅमेऱ्याला न मिळणारे हे ज्ञान डेप्थ कॅमेरा फुकट देतो, आणि गनपती व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्येच ते मॉडेल बसवण्याच्या प्रक्रियेत गुंफले होते. झाकलेला खुबा नेमका कुठे आहे हे यातून समजत नाही, पण तो कुठे नाही हे समजते, आणि अनेकदा तेवढ्यावर काम होते.

बिंदूंना मॉडेल चिकटवण्याची मूळ पद्धत, म्हणजे १९९२ ची बेसल आणि मकाय यांची आयसीपी, एकट्याने वापरू नये. ती जवळचे उत्तर शोधते, आणि पाय एका फ्रेममध्ये बराच पुढे गेला तर दुसऱ्याच पायाला जाऊन चिकटते व परत येत नाही. २०११ च्या पद्धतीचा मोठा गुण हाच होता की ती प्रत्येक फ्रेम नव्याने पाहत असे आणि हरवली तरी पुढच्या फ्रेमला सावरत असे. नेटवर्कने सावरावे आणि मॉडेलने नेमकेपणा द्यावा, अशी ही विभागणी आहे. दोघांचे वजन ठरवताना नेटवर्कचा त्या सांध्याचा हीटमॅप किती पसरलेला आहे ते पाहावे आणि पसरलेल्या सांध्याला कमी वजन द्यावे. या गणितातून प्रत्येक कोनाची अनिश्चितताही निघते. ती ठरावीक मर्यादेबाहेर गेली तर पडद्यावर कोन दाखवूच नये. ज्याच्यावरून कोणी उपचार ठरवणार आहे, तेथे रिकामी जागा ही चुकीच्या आकड्यापेक्षा प्रामाणिक असते, आणि या बाबतीत मी कोणाशीही तडजोड करत नाही.

डाव्या-उजव्याच्या अदलाबदलीचे स्पष्टीकरण सोपे आहे. चेहरा आणि पावले यांचे बारकावे वगळले, तर डेप्थ प्रतिमेत माणसाची पाठ आणि छाती बरीच सारखी दिसतात, आणि दूरवरून तर हे बारकावेही उरत नाहीत. नेटवर्कने दिशा चुकवली की दोन्ही बाजूंचे सर्व सांधे एकदम उलटतात. म्हणून हा निर्णय एकेका सांध्यावर सोडू नये. "समोर तोंड" आणि "पाठ" अशी दोन्ही गृहीतके समांतर चालवावीत, प्रत्येकावर मॉडेल बसवून खर्च पाहावा, आणि एक गृहीतक सलग काही फ्रेम स्पष्टपणे स्वस्त ठरले तरच बदल मान्य करावा. माणूस तीसांश सेकंदात अर्धा वळत नाही. आपल्या वापरात व्यक्ती खुर्चीवर बसलेलीच असेल, तर दिशा सत्राच्या सुरुवातीला एकदा ठरवून तेथेच कुलूपबंद करणे उत्तम.

डेटा वाढवायचाच असेल तर तो आपल्या दृश्यासारखा वाढवावा. संगणकावर मानवी आकृत्या तयार करून डेप्थ प्रतिमा काढणे ही २०११ पासून रुळलेली वाट आहे, पण त्या आकृत्यांना खुर्ची, ढगळ कपडे आणि आपल्याच कॅमेऱ्याचे दोष मिळाले पाहिजेत. कडेचे तरंगते बिंदू, काळ्या कापडातील छिद्रे आणि अंतराच्या पायऱ्या कृत्रिम प्रतिमेत नसतील, तर नेटवर्क एका अशा जगात हुशार होते जे कोणत्याही कॅमेऱ्याने पाहिलेले नाही.

थरथर गाळण्यासाठी फिल्टर सर्वांत शेवटी लावावा, कारण तो चूक झाकतो पण काढत नाही. १० फ्रेमची साधी सरासरी ३० फ्रेम प्रति सेकंदाला सुमारे १५० मिलिसेकंदांचा उशीर आणते आणि गुडघ्याच्या वाकण्याचे शिखर बोथट करते. नेमके शिखर आपल्याला मोजायचे आहे. वेगाप्रमाणे आपली गाळणी बदलणारा वन युरो फिल्टर थेट दाखवण्यासाठी चांगला आहे. सत्र संपल्यावर अहवाल करायचा असेल तर पुढचे-मागचे सर्व फ्रेम हाताशी असतात, तेव्हा दोन्ही दिशांनी गाळावे, म्हणजे उशीर राहत नाही.

राहिला मूल्यमापनाचा भाग. प्रसिद्ध निकालांतील टक्केवारीवरून नेटवर्क निवडताना त्या टक्केवारीमागची मर्यादा वाचावी. आयटॉप या परिचित डेटासेटवर सांधा १० सेंटिमीटरच्या आत आला तर तो बरोबर धरला जातो. ४० सेंटिमीटरच्या मांडीत खुबा १० सेंटिमीटर चुकणे म्हणजे १४ अंश, तेव्हा त्या टक्केवारीतून आपल्या कामाविषयी फारसे काही कळत नाही. स्वतःची चाचणी घेताना ट्रेनिंगमधील व्यक्ती चाचणीत येऊ देऊ नयेत, फ्रेम वेगळे असले तरीही. शरीरावर चकाकणारे मार्कर लावून हालचाल टिपणाऱ्या मोशन कॅप्चरशी तुलना करणार असाल तर दोन अडचणी लक्षात ठेवाव्यात. ते चकाकणारे मार्कर इन्फ्रारेड प्रकाश इतका जोरात परतवतात की डेप्थ कॅमेऱ्यात त्यांच्याभोवती छिद्रे पडतात, म्हणून ते गुडघ्याच्या कॅमेऱ्याकडील बाजूवर लावू नयेत. दुसरे असे की त्या यंत्रणेचा खुबा आणि आपल्या नेटवर्कचा खुबा यांच्या व्याख्याच वेगळ्या असू शकतात, आणि मग ठरावीक अंशांचा फरक कायम दिसत राहतो. त्यासाठी कोनाच्या मूल्याबरोबरच एका पूर्ण हालचालीतील किमान आणि कमाल कोनांच्या फरकाचीही तुलना करावी. उभ्या स्थितीचे आणि बसलेल्या स्थितीचे निकाल एकाच सरासरीत मिसळू नयेत. उभ्या फ्रेमांची संख्या नेहमी जास्त असते, आणि ज्या खुर्चीमुळे आपण हा प्रश्न विचारला, तिचे दुखणे त्या सरासरीत दिसेनासे होते.